ठळक पारंपरिक अक्षर वापरताय? आधी त्यातलं पांढरं बघा

गिऱ्हाईक दुकानाची पाटी करून घ्यायला येवो, लग्नपत्रिकेला येवो की मंडळाच्या पावतीपुस्तकाला, उठता उठता एक वाक्य ठरलेलं असतं, "जरा ठळक करा हो." ठळक म्हणजे मोठं, जाड, काळं की लांबून दिसणारं, हे त्यालाही सांगता येत नाही. नवीन माणूस या वाक्याला बिचकतो आणि कोरलड्रॉमध्ये अक्षराला आउटलाइन देऊन मोकळा होतो.

मीही तेच केलं होतं. गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात नुकती लागले होते. सत्यनारायणाच्या पत्रिकेच्या माथ्यावर "श्री सिद्धिविनायक प्रसन्न" घ्यायचं होतं, आकार १४ पॉइंट. जाड अक्षर घेतलं, वर आणखी आउटलाइन चढवली. पडद्यावर छान दिसत होतं. ५०० पत्रिका छापून आल्या तेव्हा "द्धि"चा गोळा झालेला, शाईचा थेंब पडावा तसा. मशीनवरच्या काकांनी पत्रिका ट्यूबलाइटकडे धरली. म्हणाले, "काळं काय बघतेस पोरी, पांढरं बघ. पांढरं गेलं की अक्षर गेलं."

त्यानंतर माझ्या हाताखाली जे कोणी शिकायला आले, त्यांना मी इथूनच सुरुवात करून देते.

पायरी १: अक्षराचं कूळ ओळखा

रोमन लिपीत ज्याला सेरिफ म्हणतात, त्या अक्षरांच्या दांड्यांना टोकाशी छोटे पाय फुटलेले असतात आणि रेघांत जाड-बारीक असा फरक असतो. देवनागरीला तसे पाय नाहीत. आपल्याकडे शिरोरेषा आहे, आणि जाड-बारीकपणा येतो तो बोरूच्या तिरक्या कापामुळे. गंमत म्हणजे रोमन लेखणीचा काप आणि आपल्या बोरूचा काप एकमेकांच्या उलट. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरणारी रेघ रोमनमध्ये जाड पडते, देवनागरीत बारीक. रोमन "ए"चा उजवा पाय जाड असतो. आपल्या "र"चा उजवीकडे उतरणारा पाय निमुळता. म्हणून "सेरिफ देवनागरी" असं कोणी म्हणालं तर समजून घ्यायचं की त्याला हे बोरूचं वळण हवंय, सगळीकडे सारख्या जाडीची सपाट रेघ नकोय.

या वळणाचं मुंबईतलं घराणं म्हणजे निर्णयसागर. जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, पुढे टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवीच्या कोलभाट लेनमधून निघालेली त्यांची संस्कृत पुस्तकं आजही जुन्या घरांत सापडतात. राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या ठशांतून आलेली ती अक्षरं एकदा भिंगाखाली धरून बघा. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, जुनं पुस्तक मागा. फॉन्टच्या यादीत तासभर बोट फिरवण्यापेक्षा हे बरं.

तिथे काय बघायचं तेही सांगते. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या टाइपांच्या, काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरला जायचा. लहान आकाराच्या अक्षरात कोरणारा बारीक रेघ थोडी जाड ठेवायचा, गाठी मोकळ्या करायचा, "व"चं पोट जरा मोठं धरायचं. मोठ्या आकारात हात सैल सोडायचा. आज आपण एकच फाइल ८ पॉइंटलाही वापरतो आणि आठ फुटांच्या बॅनरलाही. कोरणारा जो विचार करायचा, तो आता आपल्याला करावा लागतो.

पायरी २: फॉन्ट निवडा, पण थोडेच ठेवा

सुरुवातीला चार-पाच पुरेत. खाली सांगते ते, शेवटचा मंगल सोडला तर, सगळे फुकट आणि युनिकोडमधले आहेत.

रोझा वन: जाड रेघ भरभक्कम, बारीक रेघ केसासारखी. नाटकाच्या जाहिरातीला, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला, मिठाईच्या खोक्याला शोभतो. एकच वजन, म्हणजे एकच जाडी, आहे. मी तो ३० पॉइंटच्या खाली उतरवत नाही, कारण खाली गेलं की केसासारखी रेघ गळते आणि अक्षराचे तुकडे होतात.

व्हेस्पर लिब्रे, एक्झार आणि मार्टेल: या तिघांत साध्यापासून जाडपर्यंत वजनं मिळतात. मजकूर आणि मथळा एकाच घरातला हवा असेल तेव्हा यांच्याकडे यावं. एक्झारच्या अंगात कोपरे आहेत, थोडा हट्टी दिसतो; मला आवडतो. मार्टेल शांत. नोटो सेरिफ देवनागरीत तर अगदी पातळापासून काळ्याकुट्टापर्यंत नऊ वजनं आहेत. चेहऱ्याने तो सरकारी वाटतो, पण अडल्या वेळी उपयोगी पडतो.

शोभिका: पवईच्या आयआयटीतून आलेला, यशोमुद्रा या फॉन्टवर बेतलेला. साधा आणि ठळक अशी दोन वजनं. संस्कृत जोडाक्षरं जशी हवीत तशी मिळतात, म्हणून पूजापाठाच्या पुस्तिकेला पहिली पसंती याला.

टिरो देवनागरी मराठी: माझ्या मते आज मिळणाऱ्यांत जुन्या खिळ्यांच्या सर्वात जवळचा. पण त्याला ठळक वजनच नाही. तुम्ही "बी"चं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने रेघा फुगवून खोटं ठळक करून देतं. ते घेऊ नका. याला मोठा करा, आपोआप उठून दिसेल.

यात्रा वन वेगळ्या गल्लीतला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचला आहे. तो बोरूचा नाही, ब्रशचा. चहाच्या दुकानाला झकास, मुंजीच्या पत्रिकेला नको. "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मोदक हाही जाडच, पण पोट सुटलेला गमत्या. त्यात पांढरं जेमतेम रेघेएवढं उरतं. बालनाट्याला घ्या, शोकसंदेशाला घेऊ नका. आणि विंडोजबरोबर येणारा मंगल र. कृ. जोशींनी घडवला तो पडद्यावर वाचण्यासाठी. त्याला दहा फुटांच्या पाटीवर चढवण्यात त्याचाही अपमान आहे.

पायरी ३: परीक्षा घ्या

याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. फॉन्टच्या नमुन्यात नेहमी "कमल नमन कर" छापाचे सोपे शब्द असतात, आणि त्यात कोणीही देखणं दिसतं. खरी परीक्षा जोडाक्षरांची. माझी यादी अशी:

सिद्धिविनायक. विठ्ठल. महाराष्ट्र. उद्घाटन. ब्राह्मण. चिंचपोकळी. ग्रँट रोड. पुऱ्या. ॲड. लाल शाल. षष्ठी.

"सिद्धि"मध्ये "द"च्या खाली "ध" कोंबलेला असतो. जाड अक्षरात तिथे पांढऱ्याचे दोन छोटे कवडसे राहिले पाहिजेत. "विठ्ठल"चे दोन ठ एकाखाली एक आले तर खालच्या ठची वाटी भरून जाते. काही फॉन्ट हलन्त देऊन शेजारी शेजारी बसवतात, जाड वजनात तेच बरं. "ष्ट्र"च्या पायाशी तीन रेघा भेटतात, तिथे काळा डाग पडतो का ते बघा. शाळेत आपण ज्याला पोटफोड्या ष म्हणायचो, त्याचं पोट आधीच आडवं चिरलेलं, म्हणजे पांढऱ्याचे दोन तुकडे. जाडी वाढली की पहिला बळी त्याचा. "षष्ठी" हा शब्द त्यासाठीच.

"ग्रँट"मध्ये अर्धचंद्र आणि अनुस्वार एकमेकांवर बसतात. जाड फॉन्टमध्ये टिंब चंद्रात बुडतं. "ॲड." वकिलाच्या पाटीला रोज लागतं आणि जुन्या फॉन्टमध्ये हे अक्षरच नसतं, चौकोन येतो. "पुऱ्या"मधला र पापणीसारखा आडवा यायला हवा. तिथे रफार दिसला तर तो फॉन्ट मराठी कामाचा नाही.

"लाल शाल" हे आपल्या घरचं. मराठी "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळे. मराठी ल दोन पाकळ्यांचा, आणि मराठी श देठाचा. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा "मराठी" अशी निवडल्याशिवाय आपलं रूप बाहेर येत नाही. इंडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये भाषा मराठी करा आणि कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) वर्ल्ड-रेडी ठेवा. नाहीतर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि तुम्ही फॉन्टला शिव्या देता. हिंदी ल-श चालतो का? वाचता येतं, हो. पण दादरच्या आजोबांच्या एकसष्टीच्या पत्रिकेवर तो आला तर आजोबांच्याच लक्षात येतं, आणि मग फोन आपल्याला येतो.

हे शब्द तुमच्या कामाच्या खऱ्या आकारात छापून घ्या. पडद्यावर चारशे टक्के मोठे करून बघाल तर सगळेच पास होतील.

पायरी ४: किती शब्द ठळक करायचे ते ठरवा

रोमनमध्येही साध्या मजकुराच्या जोडीला म्हणून केलेलं ठळक अक्षर तसं उशिराच आलं. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीचा (टाइप ओतण्याच्या कारखान्याचा) क्लॅरेंडन हा ठळक टाइप १८४५ चा. शब्दकोशात मूळ शब्द पटकन सापडावा, असल्या कामासाठी तो वापरला जाऊ लागला. म्हणजे ठळक अक्षराचं मूळ काम हाक मारण्याचं. संपूर्ण निमंत्रणच ठळक केलंत तर ते भर लग्नात माइकवरून सतत ओरडणाऱ्या मामासारखं होतं.

माझा हिशेब असा: पत्रिकेत वधूवरांची नावं आणि मुहूर्त. पाटीवर दुकानाचं नाव. नाटकाच्या जाहिरातीत नाटकाचं नाव, आणि फार तर वार-वेळ. बाकी सगळं साध्या वजनात. खाडिलकर रोडवर पत्रिकांच्या दुकानांत उभं राहून नमुने चाळलेत तर हे लगेच दिसेल: जी पत्रिका हातात राहते, तिच्यात काळं कमी असतं.

पायरी ५: तीन गोष्टी करू नका

पहिली, दाबू नका. नाव लांब, जागा कमी, म्हणून डीटीपीवाले अक्षर ७० टक्क्यांवर "कंडेन्स" करतात. त्यात उभे काने बारीक होतात, पण शिरोरेषेची जाडी तशीच राहते. छप्पर जड आणि खांब काडीचे, असं घर दिसतं. जागा नसेल तर आकार कमी करा, नाव दोन ओळींत घ्या, किंवा मुळातच अरुंद घडवलेला फॉन्ट शोधा.

दुसरी, अक्षरं फाकवू नका. रोमनमध्ये कॅपिटलं थोडी सुटी केली की ऐटबाज दिसतात, म्हणून नवीन मुलं देवनागरीतही तेच करतात. शिरोरेषा तुटते. बारीक फॉन्टमध्ये खपून जातं, जाडमध्ये दात पडल्यासारखं दिसतं.

तिसरी म्हणजे माझी सिद्धिविनायकाची आउटलाइन. ती रेघेच्या बाहेर वाढते तशी आतही वाढते. अक्षराच्या पोटातलं पांढरं दोन्ही बाजूंनी खाल्लं जातं.

पायरी ६: बाहेरचं पांढरं सांभाळा

देवनागरीचं अक्षर तीन मजली आहे: वर वेलांटी, मात्रा, रफार, मधे अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ठळक अक्षरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला की दोन्ही ओळी गुंततात. वर "गुरुकृपा" आणि खाली "कीर्ती भवन" असं घेऊन बघा. ६० पॉइंटच्या मथळ्याला मी ओळींतलं अंतर ७८ ते ८४ च्या आसपास धरते, मग शब्द बघून कमीजास्त करते. वरच्या ओळीत एकही उकार नसेल तर अंतर बिनधास्त कमी करा.

चौकटीपासूनचं अंतर हा वेगळाच आजार. पाटीची चौकट आणि अक्षर यांच्यात निदान "क"च्या अर्ध्या उंचीएवढी मोकळी जागा सोडा. गिऱ्हाईक म्हणेल, "एवढी जागा फुकट का घालवता?" त्याला तीच पाटी दोन प्रकारे छापून दाखवा, वाद घालू नका.

पायरी ७: शेजारी इंग्रजी असेल तर

मुंबईत बहुतेक पाट्या दोन लिप्यांच्या. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत बनलेल्या कितीतरी पाट्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांत एक चूक सारखी दिसते: दोन्ही लिप्यांना संगणकात एकच आकडा दिलेला. १०० पॉइंटची देवनागरी आणि १०० पॉइंटची रोमन कॅपिटलं शेजारी ठेवलीत तर बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरीच लहान दिसते. आकड्यावर जाऊ नका. पट्टी घ्या, शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजा, आणि रोमन कॅपिटल त्याहून मोठं राहू देऊ नका.

जोडी जमवताना जाड-बारीकपणाचं प्रमाण जुळवा. रोझा वनसोबत त्याचंच रोमन घ्या, किंवा बोडोनीच्या वळणाचं, म्हणजे जाड-बारीकात तसाच मोठा फरक असलेलं, ठळक. शोभिकासोबत बोडोनी घेतलात तर इंग्रजी नटूनथटून आलेलं आणि मराठी ऑफिसातून थेट आलेलं, असं वाटतं.

पायरी ८: कागद आणि शाई

वर्तमानपत्री कागद शाई पितो, रेघ फुगते. तिथे नेहमीपेक्षा एक पायरी कमी जाड वजन घ्या. आर्टपेपरवर हवं ते चालतं. काळ्या किंवा मरून पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर काढायचं असेल, ज्याला आपण रिव्हर्स म्हणतो, तर गणित उलटं होतं: आजूबाजूची शाई आत सरकते आणि बारीक रेघ बुजते. तिथे रोझा वन नको, एक्झारसारखी दमदार बारीक रेघ असलेला फॉन्ट हवा. मागून दिवा लावलेल्या पाटीवर पुन्हा वेगळं. प्रकाश पसरून अक्षराची पोटं भरतात, म्हणून वजन कमी करा. स्क्रीन प्रिंटिंगने टी-शर्टवर छापणार असाल तर छापणाऱ्याला आधी विचारा, त्याच्या जाळीतून किती बारीक रेघ निघते.

मग नमुना काढा, भिंतीवर लावा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. डोळे बारीक करून बघा. शब्दाच्या ज्या भागात काळा गोळा दिसेल, तिथे परत जायचं.

पायरी ९: काम हवाली करताना

छापखान्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, द्या, आणि कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्यांच्याकडे फॉन्ट नसेल तर "प्रसन्न"चा "न्न" हलन्त घेऊन सुटा होतो, आणि तोपर्यंत प्लेट निघालेली असते. श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून पूर्ण वाचून घ्या; बदलताना रफार हमखास एक घर सरकतो.

पाटीची अक्षरं कापून लावायची असतील, अ‍ॅक्रिलिकची किंवा स्टीलची, तर देवनागरीचा एक मोठा फायदा आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो, ओळ वाकडी व्हायची भीती नाही. सुटा राहतो तो अनुस्वार. एवढंसं टिंब, मागे डबल टेप, आणि समोर मुंबईचा पाऊस. रस्त्याने चालताना वर बघा, "मुबई", "आबा", "अधेरी" अशा पाट्या दिसतील. कारागिराला कामाच्या कागदावरच लिहून द्या: अनुस्वाराला मागून पिन लावायची, नुसत्या टेपवर सोडायचा नाही. आणि दोन जादा अनुस्वार कापून मालकाच्या हातात द्या.